हायबरनेट झालेली विंडोज, ड्युअल बूट आणि खराब होणारी पार्टिशन

काठावरचा_कर्नल (धागाकर्ता)

"लिनक्समधून डी ड्राइव्हवर कॉपी केलेलं फोल्डर विंडोजमध्ये दिसत नाही", "फाइल आहे पण उघडत नाही", "विंडोज सुरू होताना दर वेळी डिस्क तपासणी चालते" असे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेले आहेत. बहुतेकांचं मूळ एकच. ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर दोन प्रणाली असताना, दुसरी प्रणाली सुरू केली तेव्हा पहिली बंद झालेलीच नव्हती, ती हायबरनेट झालेली होती. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी.

हायबरनेट करताना विंडोज मेमरीतला मजकूर सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या हायबरफिल.सिस या फाइलमध्ये उतरवते आणि मशीन बंद होतं. त्या मजकुरात फक्त उघडे प्रोग्रॅम नसतात. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) ड्रायव्हरने डिस्कबद्दल मेमरीत धरून ठेवलेलं सगळंही त्यात असतं: मास्टर फाइल टेबलमधल्या नोंदी, कोणते क्लस्टर (डिस्कवरच्या जागेचे ठरावीक तुकडे) मोकळे आहेत सांगणारा बिटमॅप, फोल्डरांच्या अनुक्रमणिका, जर्नल (बदलांची नोंदवही) कुठपर्यंत लिहून झालं ते.

आता मध्येच लिनक्स सुरू केलं आणि त्या पार्टिशनवर एक फाइल लिहिली. लिनक्सने डिस्कवरचा बिटमॅप वाचला, मोकळे क्लस्टर घेतले आणि नोंद केली. लिनक्सच्या बाजूने यात काहीच चुकलेलं नाही. नंतर विंडोज जागी होते ती मेमरीतल्या जुन्या बिटमॅपसह. पार्टिशन आधीपासून माउंट (वापरासाठी जोडलेलं) आहे असंच ती धरून चालते, त्यामुळे या गोष्टी डिस्कवरून नव्याने वाचत नाही. तिच्या लेखी ते क्लस्टर अजून मोकळेच असतात. ती तिथे दुसरी फाइल लिहिते, आणि एकाच क्लस्टरवर दोन फाइलींचा दावा होतो. किंवा ती फोल्डरची जुनी अनुक्रमणिका डिस्कवर परत लिहिते आणि लिनक्सने केलेली नोंद पुसली जाते. कोणताही संदेश येत नाही. नुकसान कळतं ते काही दिवसांनी, एखादी फाइल उघडायला गेल्यावर.

हायबरनेशनची फाइल आणि डिस्क ही जोडी आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. एक बदलली की दुसरी निकामी. पुढचे सगळे निर्णय यावरूनच घ्यायचे.

(आज्ञा इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहू. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

---

सायली_नाशिक

चांगला धागा. एक शंका. हायबरनेट कधीच न करता नेहमी 'शट डाउन'च केलं, तरी लिनक्स म्हणतं की विंडोज हायबरनेट आहे. असं का?

---

बिटमॅप_बापू

@सायली, ते फास्ट स्टार्टअपमुळे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हे आलं आणि १० व ११ मध्येही बहुतेक मशीनवर आपोआप चालू असतं. शट डाउन दाबल्यावर विंडोज वापरकर्त्याला लॉग आउट करते, त्याचे प्रोग्रॅम बंद करते, पण कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि ड्रायव्हर यांचं सत्र हायबरनेट करते. पुढच्या वेळी तेवढंच उचलून आणते, म्हणून लवकर सुरू झाल्यासारखं वाटतं. फाइल सिस्टीमचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे धागाकर्त्याने सांगितलेला धोका इथेही लागू.

पुष्कळांना उलटं वाटतं, पण रीस्टार्ट केल्यावर विंडोज पूर्ण बंद होते आणि शट डाउन केल्यावर होत नाही. म्हणून विंडोजमधून लिनक्समध्ये जाताना रीस्टार्ट करून ग्रब मेनूतून (सुरुवातीला कोणती प्रणाली हवी ते विचारणारा) जाणं तुलनेने सुरक्षित. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तर त्या एका वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. कमांड प्रॉम्प्टवर 'शटडाउन /एस /टी ०' दिलं तरी पूर्णच बंद होतं. अर्धवट हवं असेल तर '/हायब्रिड' वेगळं जोडावं लागतं.

पण रोज आठवणीने शिफ्ट दाबण्यावर भिस्त ठेवू नका. वैशिष्ट्यच बंद करा.

---

हिमांशु_ठाणे

बंद करायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत फरक आहे.

पहिला: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, हायबरफिल.सिस पुसली जाते आणि सी ड्राइव्हवर जागा मोकळी होते. विंडोज १० पासून ही फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. ड्युअल बूट मशीनवर मी हाच मार्ग सुचवेन.

दुसरा: लॅपटॉपवर हायबरनेट हवंच असेल, तर फक्त फास्ट स्टार्टअप काढा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबायची आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढायची. रजिस्ट्रीत हीच गोष्ट 'एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\सेशन मॅनेजर\पॉवर' इथे 'हायबरबूटएनेबल्ड' या नावाने असते. मूल्य ० करायचं. या मार्गात लिनक्समध्ये जाण्याआधी हायबरनेट न करण्याची जबाबदारी मात्र तुमची.

'पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड' हा पर्याय फाइल लहान करतो म्हणून काही जण वापरतात. तो बरोबर उलट काम करतो. त्यात हायबरनेट जातं आणि फास्ट स्टार्टअप राहतं.

झाल्यावर 'पॉवरसीएफजी /ए' चालवून खात्री करा. पहिल्या मार्गाने गेलात तर हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप 'उपलब्ध नाही'च्या यादीत दिसले पाहिजेत. विंडोजच्या मोठ्या आवृत्ती-अपडेटनंतर हीच तपासणी पुन्हा करा, कारण तेव्हा ही सेटिंग परत चालू झालेली आढळते.

---

रानवाटा

+१. शिवाय एसएसडी असेल तर फास्ट स्टार्टअपने वाचणारा वेळ इतका थोडा की त्यासाठी डेटा पणाला लावण्यात काही अर्थ नाही. लिनक्समध्ये वायफाय कार्ड अधूनमधून 'सापडत नाही' याचंही हे एक नेहमीचं कारण. विंडोजने कार्ड अर्धवट अवस्थेत सोडलेलं असतं.

---

मृण्मयी_के

लिनक्सच्या बाजूने काय संरक्षण मिळतं तेही लिहिते, कारण दोन ड्रायव्हर आहेत आणि ते सारखे वागत नाहीत.

एनटीएफएस-३जी हा जुना, यूझरस्पेसमध्ये (कर्नलच्या बाहेर) चालणारा ड्रायव्हर. तो हायबरफिल.सिस उघडून तिचे पहिले चार बाइट पाहतो. तिथे एच-आय-बी-आर ही अक्षरं असतील तर 'विंडोज हायबरनेट आहे' असं सांगून लिहिण्यासाठी माउंट करायला नकार देतो. ही फाइल फक्त सी वर असते. डी, ई अशा पार्टिशनवर तो जर्नल पाहतो, आणि ते नीट बंद झालेलं नसेल तर 'मेटाडेटा विंडोजच्या कॅशमध्ये आहे' अशा अर्थाचा संदेश येतो. दोन्ही वेळा तो फक्त-वाचन माउंटवर येऊन थांबतो. म्हणजे "डी ड्राइव्हवर काही सेव्हच होत नाही" ही तक्रार म्हणजे ड्रायव्हर आपलं काम चोख करतो आहे असं समजा.

एनटीएफएस३ हा कर्नलमधला ड्रायव्हर, पॅरागॉनने दिलेला, २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ मध्ये आला. वेगवान आहे. पण तो प्रामुख्याने पार्टिशनवरची 'डर्टी' (नीट बंद न झाल्याची) खूण पाहतो. ती असेल आणि 'फोर्स' पर्याय दिलेला नसेल तर तो अडतो. खूण नसेल आणि त्याने मुकाट्याने माउंट केलं, तर त्यावरून विंडोज पूर्ण बंद आहे असा निष्कर्ष काढू नका.

एफएसटॅबमध्ये (काय कसं माउंट करायचं याची लिनक्समधली फाइल) 'फोर्स' कायमचं लिहून ठेवण्याचा सल्ला जालावर अनेक ठिकाणी सापडतो. कृपया तो पाळू नका. अडवणारी एकुलती एक गोष्ट त्याने काढून टाकली जाते.

---

अव्यक्त_०७

मग 'एनटीएफएसफिक्स -डी' चालवून खूण काढायची आणि पुढे जायचं. दोन सेकंदांचं काम आहे. एवढं घाबरण्यासारखं काय त्यात?

---

बिटमॅप_बापू

@अव्यक्त, हायबरनेट झालेल्या विंडोजच्या पार्टिशनवर याच्याइतकं घातक दुसरं काही नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नव्हे. तो थोड्या मूलभूत विसंगती दुरुस्त करतो, जर्नल रिकामं करतो आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी नोंद ठेवतो. '-डी' दिलं की डर्टी खूणही पुसतो. पण त्याच वेळी हायबरफिल.सिसमध्ये गोठलेली विंडोज असं समजून चालली आहे की जर्नल अमुक क्रमांकापर्यंत लिहिलेलं आहे. ती जागी झाली की रिकाम्या केलेल्या जर्नलवर आपला जुना क्रम पुढे चालवणार. तुम्ही काढली ती फक्त धोक्याची खूण. मेमरीतली जुनी प्रत तशीच शाबूत राहिली.

खरा प्रश्न एकच विचारायचा: विंडोज हायबरनेट झाल्यानंतर तिच्या पार्टिशनवर कोणी काही लिहिलं का?

लिहिलेलं नसेल, तर लिनक्स बंद करा, विंडोजमध्ये जा, ती जागी होऊ द्या आणि पूर्ण बंद करा. काहीही गमावणार नाही.

लिहिलेलं असेल, तर विंडोजला त्या सत्रातून जागी होऊ देऊ नका. हायबरनेशनची फाइल टाकून द्यायची, म्हणजे विंडोज कोरी सुरू होईल आणि डिस्कवर जे आहे तेच वाचेल. वीज गेल्यावर जे होतं तेवढंच नुकसान: न साठवलेलं काम जाईल, फाइल सिस्टीम राहील. त्यासाठी एनटीएफएस-३जीला 'रिमूव्ह_हायबरफाइल' पर्याय आहे:

माउंट -टी एनटीएफएस-३जी -ओ रिमूव्ह_हायबरफाइल /डेव्ह/एसडीए३ /एमएनटी

एसडीए३ च्या जागी तुमच्या सी पार्टिशनचं नाव. लिहिलं गेलं डी वर, म्हणून हा पर्याय डी वर चालवणारे अनेक जण असतात. त्याचा काही उपयोग नाही. डी ची जुनी माहितीसुद्धा सी वरच्या त्या एकाच फाइलमध्ये आहे.

---

अव्यक्त_०७

समजलं. जर्नलचा मुद्दा लक्षात घेतला नव्हता. धन्यवाद बापू.

---

गोमंतक_नेट

सामायिक पार्टिशन एक्सफॅट (दोन्ही प्रणालींना चालणारी फाइल सिस्टीम) करून टाकलं तर? मडगावच्या आमच्या ग्रूपमध्ये बरेच जण तेच करतात. लिनक्स ५.७ पासून कर्नलमध्ये चांगला ड्रायव्हर आहे, कुरकुर न करता माउंट होतं.

---

मृण्मयी_के

@गोमंतक_नेट, कुरकुर होत नाही हीच अडचण. एक्सफॅट आणि फॅट३२ यांना जर्नल नाही आणि हायबरनेशन ओळखण्याची तपासणीही नाही. विंडोजची कॅश तशीच गोठलेली असते, फक्त तुम्हाला कोणी अडवत नाही. वाटप तक्ता बिघडला तर मागे वळून दुरुस्त करायला जर्नलही हाताशी नसतं. एनटीएफएसपेक्षा धोका वाढतो.

फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेट दोन्ही बंद असतील तर एक्सफॅट जरूर वापरा. नसतील तर एनटीएफएसच ठेवा, निदान एनटीएफएस-३जी हात धरेल. पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्कलाही हेच लागू: विंडोज हायबरनेट करण्याआधी 'सेफली रिमूव्ह' करून काढून घ्या, तशीच लावलेली ठेवून दुसऱ्या मशीनला जोडू नका.

---

सायली_नाशिक

विंडोज १० आणि ११ एकाच मशीनवर असतील, लिनक्स नसेल, तरी हे होतं का?

---

हिमांशु_ठाणे

होतं. प्रत्येक विंडोज दुसरीची पार्टिशन आपोआप माउंट करते आणि एनटीएफएस-३जीसारखी नकार देत नाही. आलटून पालटून सुरू करताना दर वेळी 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' दिसत असेल तर कारण बहुधा हेच. दोन्हींत 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा. एकीत चालवून भागत नाही.

---

काठावरचा_कर्नल

उलट दिशाही तितकीच महत्त्वाची आहे: लिनक्स हायबरनेट करून दुसरं काही सुरू करणं. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजातल्या स्वॅप-सस्पेंडच्या पानावर सुरुवातीलाच ठळक इशारा आहे की सस्पेंड आणि रिझ्यूम यांच्या दरम्यान डिस्कवर काही बदललं तर डेटाची आशा सोडा. तो अक्षरशः खरा आहे.

लिनक्स आपली मेमरी स्वॅपमध्ये (मेमरीला पूरक म्हणून राखलेली डिस्कवरची जागा) लिहितं आणि स्वॅपच्या पहिल्या पानाच्या शेवटची ओळख बदलून ठेवतं. 'बीएलकेआयडी' चालवल्यावर अशा पार्टिशनचा प्रकार 'स्वॅप'ऐवजी 'एसडब्ल्यूसस्पेंड' दिसतो. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) काही दुरुस्ती करायच्या आधी हे एकदा बघा. दिसलं तर त्या लिनक्सच्या कोणत्याही पार्टिशनला हात लावू नका.

---

रानवाटा

फक्त-वाचन माउंट केलं तर चालेल ना? लिहिणार नसलो की झालं.

---

काठावरचा_कर्नल

@रानवाटा, इथेच मोठी फसगत होते. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) फक्त-वाचन माउंट केलं तरी जर्नल पुन्हा चालवतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. 'आरओ' हा पर्याय फाइलींवर लिहायला मनाई करतो, फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या दुरुस्तीला नाही. खरोखर स्पर्श न करता वाचायचं असेल तर:

ईएक्सटी४ साठी 'आरओ,नोलोड'
एक्सएफएस साठी 'आरओ,नोरिकव्हरी'
बीटीआरएफएस साठी 'आरओ,रेस्क्यू=नोलॉगरिप्ले'

त्याहून खात्रीचं म्हणजे आधी 'ब्लॉकडेव्ह --सेटआरओ /डेव्ह/...' करून डिव्हाइसच लिहिण्यासाठी बंद करणं. आणि फाइल मॅनेजरमध्ये डाव्या पट्टीतल्या पार्टिशनवर सहज क्लिक करू नका. ते सरळ वाचन-लेखन माउंट होतं.

हात लागलाच असेल, तर नियम बापूंनी सांगितला तोच. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'नोरिझ्यूम' जोडून सुरू करा, म्हणजे जुनी मेमरी उचलली जाणार नाही. शक्य असेल तर त्याआधी लाइव्ह यूएसबीवरून, पार्टिशन माउंट नसताना, 'ई२एफएससीके -एफ' चालवा. नंतर स्वॅपवर 'एमकेस्वॅप' करून जुनी ओळख पुसा. एमकेस्वॅपने यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलतो, तेव्हा एफएसटॅब आणि 'रिझ्यूम=' मध्ये नवा टाका किंवा '-यू' देऊन जुनाच ठेवा.

---

मृण्मयी_के

दोन लिनक्स असतील तर एकच स्वॅप दोघांना देऊ नका. पहिलं हायबरनेट असताना दुसरं सुरू झालं की त्याचं 'स्वॅपऑन' त्या पार्टिशनवर सस्पेंडचा डेटा पाहून ओळख नव्याने लिहितं, आणि पहिल्याची मेमरी गेली. फाइल सिस्टीम त्यातून सावरते, न साठवलेलं काम सावरत नाही. सामायिक '/होम' (वापरकर्त्याच्या फाइलींची जागा) असेल तर परिस्थिती याहून वाईट. तिथे हायबरनेट पूर्ण बंदच ठेवा: 'सिस्टमसीटीएल मास्क हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट सस्पेंड-देन-हायबरनेट.टार्गेट'.

ईएफआय पार्टिशनकडेही (बूटलोडर जिथे असतात ती) लक्ष द्या. ती फॅट३२ असते, दोन्ही प्रणालींची सामायिक असते आणि लिनक्समध्ये '/बूट/ईएफआय' म्हणून सतत माउंट राहते. लिनक्स हायबरनेट करून विंडोज सुरू केली आणि तिने अपडेटमध्ये आपला बूटलोडर बदलला, तर जागं झालेलं लिनक्स जुन्या तक्त्यावर लिहू शकतं. मग दोन्हींपैकी काहीच सुरू न होण्याची वेळ येते. एफएसटॅबमध्ये त्या ओळीला 'नोऑटो,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६०' द्या. लागेल तेव्हाच माउंट होईल, एक मिनिट वापर नसेल तर सुटेल.

---

पाटी_पेन्सिल

बिघाड आधीच झालेला असेल तर क्रम काय ठेवावा? डी वर फाइलींची नावं दिसतात, उघडल्यावर भलताच मजकूर येतो.

---

बिटमॅप_बापू

@पाटी_पेन्सिल, दोन फाइलींना एकच क्लस्टर मिळाल्याचं हे ठळक लक्षण. क्रम महत्त्वाचा आहे, घाई करू नका.

आधी डी वर लिहिणं थांबवा. विंडोज शिफ्ट धरून पूर्ण बंद करा. लाइव्ह यूएसबीवरून डी माउंट न करता जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण पार्टिशनची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ती डिस्क पार्टिशनच्या पूर्ण आकाराहून मोठी हवी, वापरलेल्या जागेहून नव्हे, आणि फॅट३२ नको, कारण तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. ही प्रत होईपर्यंत चेकडिस्क चालवू नका. चेकडिस्कला फाइल सिस्टीम सुसंगत करायची असते. तुमच्या फाइली वाचवणं हे तिचं ध्येय नाही, आणि एका क्लस्टरवर दोन दावे असतील तेव्हा मूळ मजकूर कोणाचा हे तिला कळण्याचा मार्ग नाही.

प्रत झाल्यावर विंडोजमध्ये आधी 'चेकडिस्क डी:' इतकंच चालवा, त्यात फक्त अहवाल मिळतो. मग 'चेकडिस्क डी: /एफ'. '/आर' इथे नको. तो सगळा पृष्ठभाग वाचतो, तासन्‌तास लागतात, आणि हा बिघाड पृष्ठभागाचा नाहीच. बेवारस तुकडे डी च्या मुळाशी 'फाउंड.०००' या लपवलेल्या फोल्डरमध्ये मिळतील. सी ची तपासणी बूटच्या वेळी झाली असेल तर तिचा अहवाल इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन नोंदींत विनइनिट या स्रोताखाली, क्रमांक १००१.

तरी न सापडलेल्या फाइली टेस्टडिस्कने प्रतीवर शोधा. फोटोरेक शेवटी, कारण त्यात फाइलींची नावं आणि फोल्डर टिकत नाहीत.

---

हिमांशु_ठाणे

सी वर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल त्यांच्यासाठी: क्रिप्टसेटअप २.३ पासून तो लिनक्समध्ये उघडता येतो, प्रकार 'बी-आय-टी-एल-के'. उघडल्यावर आत साधं एनटीएफएसच असतं, वरचे सगळे नियम तसेच लागू. रिकव्हरी की आधी कागदावर काढून ठेवा.

विंडोजमधून 'डब्ल्यूएसएल --माउंट'ने (डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) ईएक्सटी४ उघडणाऱ्यांसाठी: ते पूर्ण डिस्कच जोडतं, विंडोज ज्या डिस्कवरून सुरू झाली ती जोडता येत नाही. दोन वेगळ्या डिस्क असतील तर मात्र जोडता येते, आणि हायबरनेट असलेल्या लिनक्सचं जर्नल तिथेही चालवलं जातं.

---

सायली_नाशिक

शेवटची शंका. एनटीएफएस३ वेगासाठी हवा आहे, पण एनटीएफएस-३जीची तपासणीही हवी. दोन्ही जमतं का?

---

मृण्मयी_के

जमतं. एनटीएफएस-३जीच्या पॅकेजमध्ये 'एनटीएफएस-३जी.प्रोब' असतं. ते माउंट न करता फक्त उत्तर देतं:

एनटीएफएस-३जी.प्रोब --रीडराइट /डेव्ह/एसडीए३

परतीचा क्रमांक 'एको $?' ने पाहा. ० म्हणजे लिहिण्यासाठी माउंट करायला हरकत नाही. १४ म्हणजे हायबरनेट. १५ म्हणजे नीट बंद झालेलं नाही. १३ म्हणजे फाइल सिस्टीम विसंगत आहे, आधी विंडोजमध्ये तपासा.

एफएसटॅबमध्ये डी ची ओळ 'नोऑटो' ठेवा. छोट्या स्क्रिप्टमध्ये आधी सी वर आणि मग डी वर प्रोब चालवा, दोन्ही ० आले तरच एनटीएफएस३ ने डी माउंट करा, नाहीतर 'आरओ'. सी वरचा प्रोब वगळू नका, हायबरफिल.सिस तिथेच असते. सी ला स्वतःला लिनक्समधून कायम 'आरओ'च ठेवा, तिथे लिहिण्याचं काम सहसा पडत नाही.